उशीतलं गाणं

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाला आईने जावं यात नवल ते काय? पण माझी लेक पडली फिनलंडात, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो गावी. डिंक, हळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून मी डिसेंबरात तिथे पोचले. सकाळी नऊ वाजून गेल्यावर उजाडायचं आणि दुपारी सव्वातीनला पुन्हा दिवेलागण! रात्र कशी ती संपायचीच नाही.

अशाच एका रात्री बाळाला पाजता पाजता लेकीने मोबाइलवर हळू आवाजात काहीतरी लावलं. ना ठेका, ना ओळखीची चाल. एक वाद्य जुनं दार कुरकुरावं तसं कुरकुरलं आणि मग एकदम कोवळं झालं. मी म्हटलं, "अगं, तारा जुळवताहेत का अजून?" ती हसली. म्हणाली, "आई, हे चेलो. आणि ही रचना इथल्याच बाईची आहे, कैया सारियाहोची."

तुम्ही म्हणाल, हे चेलो काय असतं? व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा ना. जमिनीवर उभं करून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवतात. तारा चारच, पण आवाज माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा. कंचेर्टोमध्ये असं एक वाद्य एका बाजूला आणि अख्खा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे गवई बैठकीत बसल्या बसल्या राग फुलवतो. तिथे तसं नाही. प्रत्येक वादकाने कधी, काय आणि किती हळू वाजवायचं, हे रचनाकाराने आधी घरी बसून कागदावर मांडायचं. खरा आवाज कानी पडतो तो थेट तालमीत!

त्यातून चेलोचं एक दुखणं आहे. व्हायोलिन वरच्या सुरांत उठून दिसतं; चेलोचा खालचा-मधला आवाज मात्र तुताऱ्या-नगाऱ्यांच्या गर्दीत सहज बुडतो. मग रचनाकाराने करायचं काय? चेलोने कितीही जोर केला तरी तो पुरा पडत नाही. म्हणून इतरांनाच आवरतं घ्यावं लागतं. चेलो बोलणार तिथे बाकीचे सूर विरळ करायचे, कुणाला वर न्यायचं, कुणाला गप्प बसवायचं. त्याच्यासाठी जागा आधीपासून राखून ठेवायची. हे ऐकून मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर घरातही हवंय!

सारियाहोबाईंनी ही रचना लिहिली २००६ साली. नाव 'नोट्स ऑन लाइट', म्हणजे प्रकाशावरची टिपणं. भाग पाच; त्यांतल्या तिसऱ्याचं नाव 'जाग', चौथ्याचं 'ग्रहण' आणि पाचव्याचं 'उजेडाचं अंतरंग', असा त्यांचा अर्थ. २००७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ती पहिल्यांदा वाजली. चेलो वाजवलं आन्सी कार्तुनेन यांनी. दोघांची मैत्री कित्येक वर्षांची, त्यामुळे या वाद्याच्या खाचाखोचा बाईंना पाठ. गज घोडीजवळ नेला की आवाज खरखरतो, वर बोटांकडे सरकवला की हवेसारखा हलका होतो. तार न दाबता बोट नुसतं टेकवलं तर बासरीचा भास होतो. मला जे कुरकुरणं वाटलं ते चुकून झालेलं नव्हतं. बाईंनी ते मुद्दाम लिहिलं होतं.

त्या शिकत होत्या तेव्हा काही शिक्षकांनी त्यांना शिकवायलाच नकार दिला होता. मुलगी दिसायला छान, तिच्यावर कशाला वेळ दवडायचा, हा हिशेब! पण बाई हटल्या नाहीत. पुढे पॅरिसला गेल्या, संसार केला, दोन मुलं वाढवली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांचा ऑपेरा केला. तिथे बाईने रचलेला ऑपेरा याआधी झाला होता तो १९०३ साली! २०२३ च्या जूनमध्ये बाई गेल्या.

लेक सांगत होती, मी ऐकत होते. मग ती म्हणाली, "आई, लहानपणी त्यांना रात्री उशीतून गाणं ऐकू यायचं. झोप येईना, म्हणून त्या आईला म्हणायच्या, उशी बंद कर ना!"

मी हसले. ती हसली नाही. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "मलाही यायचं गं."

मैत्रिणींनो, काळजात चर्र झालं. ही पोर आठ वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकत होती. आम्ही सांगलीकर, मिरजेचे तंबोरे हाकेच्या अंतरावर. पण नववीची परीक्षा झाली आणि मी व्हायोलिनची पेटी माळ्यावर टाकली. "दहावी झाल्यावर बघू," म्हटलं. दहावीनंतर बारावी आली, मग इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. बघायचं राहूनच गेलं. तिने एकदाही तक्रार केली नाही आणि मला वाटलं, विसरली. शिक्षकांची नावं कशाला ठेवू? तिची उशी मीच बंद केली होती.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते पेटी खाली काढण्याचं. दोन तारा तुटलेल्या, गजाचे केस कसरीने खाल्लेले. मिरजेला जाऊन दुरुस्त करून आणलं आणि लेकीला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, येताना घेऊन ये."

पुढच्या महिन्यात नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला निघतेय. चकल्यांचा डबा या खेपेला सामानात जाईल. पेटी मात्र माझ्या हातात असेल.