बाकावर बसून चढाई होत नाही!

शनिवारी सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली, तेव्हा बॅगेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एक अर्धवट भरलेला फॉर्म. आमच्या टीममधल्या सर्वांत ज्युनियर मुलाचं अप्रेझल. टीम लीडर म्हणून मी भरत असलेलं हे पहिलंच. फॉर्मवर चार चौकटी, आणि माझा कर्सर शेवटच्या चौकटीवर केव्हाचा घुटमळत होता. 'अपेक्षेपेक्षा कमी'. तिथे टिक पडली की पोराची नोकरी कन्फर्म होणार नाही, इतका सरळ मामला. मुदत सोमवार सकाळपर्यंत.

पण वीकेण्ड चौलचा होता, मामाच्या घरचा! अलिबागहून रेवदंड्याच्या एसटीत बसलं, नागाव मागे पडलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्या, की मुंबई आपोआप म्यूट होते. त्यात थंडीचे दिवस, म्हणजे या पट्ट्यात कबड्डीचे दिवस. आपण लोकलमध्ये क्रिकेटवर जितकं बोलतो, तितकं इथे लोक कुणाच्या उजव्या कोपऱ्यावर बोलतात.

माझा मामेभाऊ 19 वर्षांचा. संघाचा मुख्य चढाईपटू. गेल्या वर्षी तो हिरो होता. यंदा संघ ओळीने तीन सामने हरला आणि हिरोचा झीरो झाला. 'पोराला हवा लागली', 'याच्यात दम नाही उरला', हे सगळं मी मैदानाकडे चालता चालताच ऐकलं.

सामना सुरू झाला. पहिल्याच चढाईत भावाने दोन गडी टिपले. मी ओरडून घसा बसवला! दुसऱ्या चढाईत उजव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला आणि तो बाद होऊन बाहेर बसला. बसला तो बसलाच. मला नोकरीची सवय, मी मोबाइलवर वेळ लावली. 20 मिनिटांच्या हाफमध्ये तो 11 मिनिटं बाहेर होता.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर येता-जाता पाहिली आहे, त्यांच्यासाठी सांगते. बाद झालेला खेळाडू स्वतःहून परत येऊ शकत नाही. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, की बाहेरचा एक जण आत येतो. बोनसचा गुण बोर्डवर लागतो, पण त्याने कुणी जिवंत होत नाही. म्हणजे स्टार चढाईपटू बाहेर असेल, तर त्याला आत आणायचं काम उरलेल्या सहा जणांचं. आणि भावाच्या संघातले गेल्या वर्षीचे दोन्ही पक्के कोपरे यंदा नव्हते. एकाला पुण्यात नोकरी लागली, दुसऱ्याचा गुडघा गेला. पकड होणार कुठून?

सामना हरलो. रात्री पडवीत मामाला विचारलं, 'मामा, तो खरंच कमी पडतोय का रे?'

मामा तरुणपणी स्वतः कोपऱ्यात खेळलेला. म्हणाला, 'चढाई एकट्याचीच असते. रेषा ओलांडली की मागे कोणी नसतं. तिथे रडगाणं चालत नाही.' मग सुपारी कातरत म्हणाला, 'पण रेषेपर्यंत पोचायला त्याला उठवणारा लागतो. बाकावर बसून कोण चढाई करणार?'

हे काही फक्त गावच्या मैदानावरचं नाही. प्रो कबड्डी आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुम्बाकडून पहिलाच सीझन खेळला आणि त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण घेतले. पण तेव्हा बचावात फझल अत्राचली होता. 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. त्याने तिथेही दोनशेच्या वर गुण केले, पण संघ बारांत अकरावा आला! पुढे त्याच संघाने 2 कोटी 60 लाखांहून जास्त मोजून पवन सेहरावतला आणलं. त्या 2023-24 च्या सीझनमध्ये 22 सामन्यांत विजय किती? दोन. आणि त्याच सीझनचा विजेता पुणेरी पलटण. त्यांचा कॅप्टन अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. चढाईच्या यादीत पहिल्या पाचात पलटणचा एकही खेळाडू नव्हता. पण अस्लमसोबत मोहित गोयत आणि पंकज मोहिते चढाईला होते आणि मागे मोहम्मदरेझा शाडलूसारखा बचावपटू. एक बाद झाला, तर दुसरा हजर.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच वाद क्वार्टरबॅकवरून होतो. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा, बॉल फेकणारा गडी. जॅरेड गॉफ हा तरुण 2016 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून सात सामने खेळला आणि सातही हरला. लोकांनी त्याला फेल ठरवलं. 2017 मध्ये नवा कोच आला, त्याला सांभाळणारा अनुभवी लाइनमन आला, बॉल झेलणारे नवे गडी आले. रॅम्सनी 16 पैकी 11 सामने जिंकले. गडी तोच!

मग भावाची काहीच चूक नाही? आहे ना. तो स्वतःच म्हणाला, 'ताई, बाहेर बसलो की डोकं फिरतं. मग आत आलो की वाटतं, एकाच चढाईत सगळं फेडावं.' म्हणून तो गरज नसताना खोल घुसतो आणि घोटा देऊन बसतो. मामा म्हणाला, 'पाय मी सुधारतो त्याचा. पण दोन कोपरे मंडळाने शोधायचे. दोन्ही कामं एकदमच व्हायला पाहिजेत.'

तेव्हा मला फॉर्म आठवला. आयटीवाले ज्याला 'बेंच' म्हणतात, तो आपण विनोदात घेतो. पण मी काय केलं होतं? त्या ज्युनियरचं काम तपासणारी सीनियर मी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवली. त्याला लागणारा सिस्टीम ॲक्सेस तीन आठवडे अडकला होता आणि त्यासाठी मी एकच मेल टाकून मोकळी झाले होते. मग उरलेल्या दिवसांत त्याने घाईघाईने सगळं एकदम करायचा प्रयत्न केला आणि चुका केल्या. म्हणजे तोही खोल घुसला होता.

चुका त्याच्याच होत्या, त्या मी फॉर्मवर स्पष्ट लिहिल्या. पण टिक वरच्या चौकटीत केली, 'सुधारणेला वाव', आणि कन्फर्मेशनसाठी तीन महिन्यांची मुदत मागितली. खाली 'मिळालेला सपोर्ट' असा एक रकाना असतो, जो सगळेच रिकामा सोडतात. तिथे ॲक्सेसच्या तारखा, सीनियर काढून घेतल्याची तारीख आणि हे निर्णय ज्या टीम लीडरचे होते, तिचं नाव लिहिलं. माझं!

बॉसने सोमवारी भुवया उंचावल्या, पण मुदत दिली. आता तीन महिने त्याच्यासोबत माझीपण परीक्षा आहे.

पुढच्या रविवारी मामाचा फोन आला. शेजारच्या आळीतले दोन नवे कोपरे उतरवले होते. सामना दोन गुणांनी गेला.

'म्हणजे हरलोच ना?' मी विचारलं.

'हरलो गं,' मामा म्हणाला, 'पण पोरगा पहिल्या हाफमध्ये चारच मिनिटं बाहेर होता.'