सोमवारी गाडी, शनिवारी घर

सुट्टी जोडून आली की हॉटेलचे दर चढतात आणि चौघांच्या दोन दिवसांचा हिशेब ऐकूनच फिरण्याचा बेत बारगळतो. अशा वेळी झोपायची सोय असलेली स्वतःची गाडी फार उपयोगी पडते. त्यासाठी महागडी कॅरॅव्हॅन घ्यायला हवी असं नाही. वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर पडणार असाल तर साधी व्हॅन पुरते. फक्त एक गोष्ट आधीच ठरवा, गाडीत जे बसवाल ते अर्ध्या तासात काढता आलं पाहिजे. कारण सोमवारी हीच गाडी आजीला दवाखान्यात आणि मुलांना शाळेत नेणार आहे.

गाडी निवडताना

आपल्याकडे स्वस्तातली व्हॅन म्हणजे मारुतीची ओम्नी किंवा ईको. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, त्यामुळे ती जुनीच मिळेल. २०१० मध्ये आलेली ईको नवी-जुनी दोन्ही मिळते. ५ सीटची घ्या, मागे सामानाला जागा राहते. सीएनजीचा सिलिंडर नेमकी तीच जागा अडवतो, म्हणून रोजचा वापर कमी असेल तर पेट्रोल बरं.

जुनी गाडी पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खासगी वापराची घ्या. आरसीवर कर्जाची नोंद आहे का, विमा चालू आहे का, हे तपासा. मेकॅनिकला गाडीखाली वाकून गंज पाहायला सांगा, विशेषतः गाडी समुद्रकाठच्या गावातली असेल तर. टेप सोबत न्या. मागची सीट दुमडते का, दुमडल्यावर किती लांबी मिळते, ते मोजा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आत आडवं होऊन पाहू द्या. विकणारा हसला तर हसू द्या!

पलंग काढता-घालता येणारा

८ बाय ४ फुटांचं वॉटरप्रूफ प्लायवूड आणा. सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या तीन फळ्या कापून घ्या, उरलेल्या तुकड्यात पाय होतील. गाडीच्या मापाप्रमाणे थोडं कमी-जास्त करा. वर फोमची गादी. इथे दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल झोपेल, मोठ्या मुलांसाठी शेजारी तंबू लावा. प्रवासात फळ्या मागे रचून पट्ट्याने घट्ट बांधा. चालत्या गाडीत कुणीही झोपायचं नाही, सगळे सीटवर, बेल्ट लावून.

छत कापणं, सीट कायमच्या काढणं टाळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे.

दिव्यासाठी चार्जिंगचा कंदील, हवेसाठी छोटा पंखा आणि पॉवर बँक पुरे. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर काही चालवलंत तर सकाळी धक्का मारावा लागेल.

हे मात्र विसरू नका

शेगडी गाडीत पेटवू नका, थंडी असली तरी नाही. इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि त्यांना मच्छरांची जाळी लावा.

पहिली ट्रिप

पहिली रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्येच काढा, काय राहिलं ते लगेच समजेल. मग जवळचं ठिकाण निवडा. मुंबई-नाशिककरांना भंडारदरा, भोपाळकरांना पचमढी, बंगळुरूकरांना कूर्ग. टॉयलेटची सोय असलेल्या कॅम्पसाइटवर किंवा होमस्टेच्या अंगणात, मालकाला विचारून गाडी लावा. जंगलात परवानगीशिवाय मुक्काम नको आणि समुद्राच्या वाळूत गाडी घालायची नाही, भरतीला ती निघत नाही.

हिवाळ्यात पहाटे भंडारदऱ्याला गाडीचं दार सरकवलं की समोर आर्थर लेकचं पाणी, बाहेर उकळणारा चहा आणि चादरीतून डोकं काढणारी मुलं. या खोलीचं भाडं नाही. रविवारी रात्री फळ्या उतरवून घरच्या पलंगाखाली सरकवा, पुढच्या सुट्टीपर्यंत.