शिवथरचा दत्तक

मुलांनो, महाडहून वरंधा घाटाच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात बिरवाडी येते. एकीकडे रासायनिक कारखाने, मधे बाजारपेठ, जवळून वाहणारी काळ नदी. इथं उतरून घटकाभर थांबा. उत्तरेला रायगड, पूर्वेला वरंधा घाट आणि शिवथरचं खोरं, दक्षिणेला पोलादपूर आणि त्याच्यावर प्रतापगडाचा डोंगर. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी यातला बराचसा मुलूख एकाच घराण्याच्या हातात होता. जावळीचे मोरे! 'चंद्रराव' हा त्यांचा किताब. तो विजापूरच्या आदिलशहाचा. म्हणजे मोरे त्याचे जहागीरदार. पण या दाट रानात आदिलशहाचा हुकूम कितीसा पोचणार? इथले राजे तेच.

सुमारे १६४७ साली चंद्रराव दौलतराव मोरे वारले. पोटी मूल नव्हतं. आता गादीवर कोण?

असा प्रश्न त्याआधी पोर्तुगालला पडला होता. तिथला तरुण राजा सेबास्तियन १५७८ साली मोरोक्कोतल्या लढाईत पडला. लग्न नाही, मूल नाही. मग म्हातारा चुलत आजोबा हेन्री गादीवर बसला. तो ख्रिस्ती धर्मगुरू, त्यालाही वारस नाही! १५८० मध्ये तो गेला आणि स्पेनच्या फिलिप राजाने आईकडच्या नात्याचा हक्क सांगत फौज घुसवली. साठ वर्षं पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली राहिलं. आणि गंमत बघा, आपल्या रायगड जिल्ह्यातलं रेवदंडा तेव्हा पोर्तुगिजांचं. म्हणजे तिथल्या कोटाचा धनीही आपोआप बदलला.

आपल्याकडे मात्र एक वाट होती, ती दत्तकाची. दौलतरावांच्या पत्नी माणकाईंनी ती धरली. शिवथरच्या मोऱ्यांपैकी कृष्णाजी बाजी यांना त्यांनी मांडीवर घेतलं आणि नाव ठेवलं यशवंतराव. पण दत्तक घेणं सोपं, तो पचवणं कठीण! भाऊबंद टपलेले असतात, वरचा धनी 'जहागीर जप्त' म्हणू शकतो. पाठीशी कुणीतरी बळकट हवा. माणकाईंना तो आधार मिळाला तरुण शिवाजीराजांचा. राजे तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. त्यांच्या पाठबळावर यशवंतराव चंद्रराव झाले.

आता पुढे सगळं गोडीगुलाबीनं चालायला हवं होतं, नाही का? तसं झालं नाही. यशवंतराव राजांना जुमानेनासे झाले. वतनांवरून कुरबुरी सुरू झाल्या. त्यांत बिरवाडीच्या पाटीलकीचा वाद होता. होय, याच बिरवाडीच्या! यशवंतरावांना सरसकट कृतघ्न म्हणायला माझं मन घेत नाही. किताब आदिलशहाचा आणि आधार शिवाजीराजांचा, अशा दोन दगडांवर पाय ठेवून ते उभे होते. पण राजांनाही घाटातली वाट अशा माणसाच्या हाती ठेवून चालणार नव्हतं.

जानेवारी १६५६ मध्ये राजांनी जावळी घेतली. यशवंतराव निसटले आणि रायरीच्या किल्ल्यावर जाऊन बसले. राजांनी तिथंही वेढा घातला, आणि त्याच वर्षी रायरी खाली आली.

तो किल्ला म्हणजेच आपला रायगड! १६७४ साली तिथंच राज्याभिषेक झाला. जावळीच्या रानात प्रतापगड उभा राहिला, आणि १६५९ साली त्याच्या पायथ्याशी अफजलखान संपला. वारसाचा एक पेच, आणि त्यातून केवढी उलथापालथ!

माणकाईंचं पुढे काय झालं, याचा उल्लेख या गोष्टीत कुणी करत नाही. घराणं टिकावं म्हणून धडपडल्या त्या, आणि त्यांनी आणलेल्या दत्तकाच्याच हातून जावळी गेली.

बिरवाडीहून तसेच पुढे गेलात, तर शिवथरकडे वळणारा फाटा लागतो. लोक तिथं समर्थ रामदासांची घळ बघायला जातात. पावसाळ्यात शेजारचा धबधबा असा कोसळतो की बोललेलं ऐकू येत नाही. तुम्हीही घळ बघाच. परतताना मात्र जरा वळून बघा. याच खोऱ्यातून एक माणूस जावळीच्या गादीवर बसायला निघाला होता.