हार्ड आणि हार्डली

आठवीला क्रियाविशेषण शिकवणं तसं सोपं. विशेषणाच्या शेवटी 'ली' लावा, झालं! स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात पोरं घरी वऱ्हाडी बोलतात, काही घरांत गोंडी, काही घरांत बंजारा बोली. माझ्या लहानपणी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं. तरी आठवीतसुद्धा इंग्रजी म्हणजे घरात आलेला पाहुणाच. अशा वेळी एखादा नियम हाताशी असला की पोरांना धीर येतो.

तर झालं असं... 2017 चा सप्टेंबर. 'माझे वडील' या विषयावर पाच वाक्यं लिहायला दिली होती. एका मुलाने लिहिलं, 'माय फादर वर्क्स हार्डली.' मी ते मोठ्याने वाचलं आणि हसत हसत म्हणालो, "अरे, याचा अर्थ तुझा बाप कामच करत नाही!" वर्ग खो खो हसला. आपण किती मजेत शिकवतो, असं मलाही वाटून गेलं.

तो एवढंच म्हणाला, "पन सर, तुमीच त् सांगतलं, 'ली' लावा म्हून." आणि खाली बसला.

त्याचं बरोबर होतं. नियम मी दिला होता, अपवाद सांगायचा राहून गेला होता. फास्टचं फास्टच राहतं, हार्डचं हार्डच.

मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्याकडून कळलं, त्याचा बाप मजुरीने फवारणीला जातो. पाठीवर पंप बांधून, दुसऱ्यांच्या वावरात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं दगावली. आणि मी भर वर्गात म्हणालो होतो, तुझा बाप काम करत नाही!

रात्री उगाच मोठा शब्दकोश काढून बसलो. तिथे गंमत सापडली. जुन्या इंग्रजीत 'हार्डली'चा अर्थ जोर लावून, कष्टाने असाच होता. पुढे कष्टाने म्हणजे मुश्किलीने झालं, आणि मुश्किलीने म्हणजे जेमतेम. आपण नाही का म्हणत, सभेला मुश्किलीने दहा माणसं होती? तीच वाट. म्हणजे पोराचं वाक्य चुकलं होतं, पण काही शतकांनी उशिरा!

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गाला सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. पोरं या वेळी हसली नाहीत. तोही काही बोलला नाही.

पुढे अलंकार आले. सिमिली म्हणजे आपली उपमा, मेटाफर म्हणजे रूपक. पुस्तकी उदाहरणं होतीच, सिंहासारखा शूर वगैरे. मेटाफरसाठी मी 'कॉटन इज व्हाइट गोल्ड' दिलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "भाव पायला का सर?" या वेळी वर्गाबरोबर मीही हसलो. मग म्हटलं, पुस्तकातलं नको, घरातलं, वावरातलं बघा आणि एकेक उपमा लिहा. कोणी आजीच्या हातांना वाळलेल्या पऱ्हाटीची उपमा दिली, कोणी नव्या मास्तरांना बुजगावण्याची. (नशीब, मी जुना!)

त्याची वही शेवटी हाती आली. एकच वाक्य होतं. 'माय फादर कॅरी पंप लाइक ही कॅरी मी इन वणी यात्रा.'

वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा आमच्याकडे मोठी. गर्दीत लेकरू हरवू नये म्हणून बाप पाठीवर घेतो. कितीतरी वेळ मी त्या ओळीकडे बघत बसलो. लाल पेन हातात होता. मग खाली नुसतं 'व्हेरी गुड' लिहिलं.

दोन्हीकडे 'कॅरी'चं रूप बदलायला हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्या बाकापाशी बसून, हळूच.