कॉटमधून गादीवर : मूल कधी तयार असतं?



पालकसभेत हजेरी, अभ्यास, डबा असं सगळं बोलून झालं की एखादी आई हमखास मागे थांबते. कडेवर धाकटं असतं आणि प्रश्न त्याच्याबद्दलच असतो. "मॅडम, हा दोन वर्षांचा झाला तरी कॉटमध्येच झोपतो. आता पलंगावर घ्यायला हवा ना? शेजारची मुलगी दीड वर्षाची असल्यापासून पलंगावर झोपते."

अशा वेळी मी वय विचारत नाही. मी विचारते, "तो कठड्यावर पाय टाकतो का? आणि 'थांब' म्हटल्यावर थांबतो का?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांत बरंच काही असतं. आजचा लेख त्यावरच आहे.

आधी पाळणा आणि झोळीबद्दल

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं आणि बाळ पाळण्यात जातं. टांगलेला पाळणा हा अगदी लहान बाळासाठी असतो. बाळ कुशीवर वळायला लागलं, हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं की त्याचं वजन एका बाजूला जातं आणि पाळणा कलंडू शकतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपासच पाळण्याचा निरोप घ्यायचा. "अजून मावतंय की" हे कारण पुरेसं नाही.

साडीच्या झोळीबद्दल तर जास्तच सांभाळा. मोठं मूल झोळीत उभं राहून गिरक्या घेतं, साडीला पीळ पडतो आणि तो गळ्याशी येतो. अशा दुर्घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. घरात चार-पाच वर्षांचं भावंड असेल तर बाळ उचलल्याबरोबर झोळी गुंडाळून वर अडकवायची सवय लावा.

पाळण्यानंतर बहुतेक घरांत मूल आईच्या कुशीत येतं. काही घरांत, विशेषतः शहरात आणि नोकरदारांकडे, चारी बाजूंनी कठडे असलेली कॉट येते. खरा प्रश्न या कॉटचा आहे, कारण तिथून बाहेर यायची वेळ कोणी सांगत नाही.

टेप घ्या, मोजा

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा एक सोपा नियम आहे. मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटीमीटर झाली, किंवा कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपटीपेक्षा कमी पडायला लागली, की कॉट बंद करायची. या नियमात वय कुठेच नाही.

आमच्या घरचं उदाहरण देते. लेक सव्वादोन वर्षांची होती. उंची ८४ सेंटीमीटर. त्याचा पाऊण भाग ६३. गादीपासून कठडा भरला ५८ सेंटीमीटर, तोही गादी सगळ्यात खालच्या खाचेवर असताना. म्हणजे हिशेब स्पष्ट होता. त्याच आठवड्यात तिने एक पाय कठड्यावर टाकून आमच्याकडे बघून हसायला सुरुवात केली होती.

तुमच्या कॉटची गादी अजून वरच्या खाचेवर असेल तर आधी ती खाली घ्या. कॉटमधल्या उशा आणि मोठी खेळणी काढा, मुलं त्यांची पायरी करतात. एवढ्याने काही आठवडे, कधी काही महिनेही मिळतात. पण मूल कठड्यावरून उतरायलाच लागलं तर वाट बघू नका. तेवढ्या उंचीवरून डोक्यावर पडण्यापेक्षा जमिनीवरची गादी कधीही बरी.

खडूचा गोल

मग ज्याची उंची बसते, जो चढत नाही, त्याला लवकर हलवायचं का? इथे आपला वर्गातला अनुभव कामाला येतो.

अंगणवाडीताईंना विचारा. जमिनीवर खडूने गोल काढला आणि "यातच बसायचं हं" असं सांगितलं, तर साडेतीन वर्षांचं मूल बसतं. रेघेवर पाय ठेवून ताईंकडे बघेल, पण बसेल. दोन वर्षांचं मूल हसत उठून निघून जातं. ते हट्टी नसतं. मनात आलेली गोष्ट क्षणभर रोखून धरायची ताकद त्याच्यात अजून यायची असते. 'स्टॅच्यू'चा खेळ घेऊन बघा, हाच फरक दिसेल.

कॉटचा कठडा खरा असतो. पलंगाला असतो तो खडूचा गोल. "दिवा मालवला, आता इथेच झोपायचं" ही रेघ दिसत नाही, ती मुलाला स्वतःच्या मनात धरावी लागते. साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास ते जमायला लागतं, काहींना थोडं आधी, काहींना थोडं नंतर. २०१९ मध्ये 'स्लीप मेडिसिन' या नियतकालिकात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दीड ते तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला होता. त्यात पालकांच्या सांगण्यानुसार कॉटमध्ये झोपणारी मुलं लवकर झोपत होती आणि रात्री कमी वेळा उठत होती. तिथली घरं वेगळी, झोपायच्या पद्धती वेगळ्या, आणि नीट झोपणारं मूलच जास्त दिवस कॉटमध्ये ठेवलं जात असेल असंही होऊ शकतं. तरी घाई केल्याने झोप सुधारते असं मानायला त्यात काही आधार नाही, एवढं नक्की.

डी.एड.ला आपण मारिया माँटेसोरी वाचलेल्या असतात. त्यांनी कठड्यांच्या कॉटवर टीका केली होती. मुलाला झोप आली की स्वतः जाऊन पडता यावं आणि जाग आली की स्वतः उठता यावं, यासाठी जमिनीलगतचं बुटकं अंथरूण असावं, असं त्यांचं म्हणणं. ते पटतं. पण त्यामागे एक अट आहे, ती म्हणजे उठलेल्या मुलासाठी सगळी खोली सुरक्षित असली पाहिजे. ती तयारी केलेली नसेल तर नुसतं बुटकं अंथरूण उपयोगाचं नाही.

"बाळ येणार आहे, कॉट रिकामी करा"

मोठ्याला कॉटमधून काढण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण हे असतं. आमच्याकडेही तेच होतं. मला पाचवा महिना होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आत्ताच हलव तिला. बाळ आल्यावर हलवलंस तर म्हणेल, यानं माझी जागा घेतली." माझी आई फोनवर म्हणाली, "असू दे गं, लहान आहे अजून. सगळं एकदम नको बदलूस तिचं." दोघींचंही म्हणणं बरोबर होतं आणि दोघींना बरं वाटेल असं एक उत्तर नव्हतं.

मिस्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, "बाळाला कॉट लागणार कधी?" पहिले चार-पाच महिने बाळ पाळण्यातच असणार. पाळणा सासूबाईंकडचा होताच. म्हणजे बाळासाठी कॉट रिकामी करायची घाई नव्हती. लेक चढत नसती तर तिला बाळ झाल्यावरही काही महिने तिथेच ठेवता आलं असतं. पण ती चढत होती, आणि तिला कठड्यावरून उचलून काढणं मलाही जड जात होतं. म्हणून आम्ही लगेच हलवायचं ठरवलं. कारण तिचं होतं, बाळाचं नव्हतं. तिला सांगतानाही तेच सांगितलं, "तुझे पाय लांब झाले, आता तुला मोठी गादी." कॉट बाळाला द्यायची आहे हे त्या दिवसांत घरात कोणीही म्हणायचं नाही, असं ठरलं. शेजारच्या काकू एकदा म्हणून गेल्याच, तेव्हा सासूबाईंनीच विषय बदलला.

कॉट लगेच काढली नाही. शेजारी जमिनीवर गादी घातली. पहिल्या काही रात्री ती गादीवर पडून एका हाताने कॉटचा गज धरायची आणि तशीच झोपायची. मला ते बघवत नव्हतं. पण तिने परत आत ठेवा असं म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात हात गजावर जायचा थांबला. मग आम्ही कॉट सुटी करून माळ्यावर टाकली. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर ती खाली आली, तेव्हा लेकीने स्क्रू हातात धरून द्यायचं काम केलं. ही आपली जुनी कॉट आहे हे तिला आठवत होतं, पण परत मागावीशी वाटली नाही.

तुमच्याकडेही बाळ येणार असेल तर एक करा. बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी तरी हलवा, नाहीतर बाळ आल्यानंतर काही महिने थांबा. त्याच पंधरवड्यात नको. शाळेत पहिला दिवस, शू-शीची सवय, घर बदलणं यांच्याबरोबरही नको.

जमिनीवर की पलंगावर?

आपल्याकडे जमिनीवर गादी घालून झोपणं नवीन नाही. पडण्याची भीती नाही, खर्च नाही. फ्लॅटमध्ये, फरशी कोरडी असेल तर हाच उत्तम मार्ग. थंडीत खाली सतरंजी किंवा चटई घाला आणि गादी रोज उचलून हवेला लावा, नाहीतर ओल धरते.

पण खेड्यातल्या, शेतातल्या घरांसाठी मी हे सरसकट सांगणार नाही. पावसाळ्यात विंचू घरात येतात. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला कळतही नाही. अशा ठिकाणी बुटका पलंग किंवा बाज बरी, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली हवीच.

पलंग असेल तर भिंत आणि गादी यांच्यात मूल अडकेल एवढी फट ठेवू नका. खाली जुनी गोधडी अंथरा. डबलडेकर पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांच्या आत नाही. आणि तान्ह्या बाळाला मोठ्या भावंडाच्या शेजारी एकाच गादीवर झोपवू नका, झोपेत हात-पाय पडतात.

आणखी एक. कॉटमधून बाहेर येणं म्हणजे वेगळ्या खोलीत जाणं नव्हे. आईबाबांच्या खोलीतच शेजारी गादी असली तरी मूल मोठं होतंच.

आता सगळी खोली म्हणजे कॉट

एके दिवशी मुलाच्या उंचीवर बसून खोली बघा. कपाट भिंतीला पक्कं केलं आहे का? चार्जरच्या वायरी, डासांचं लिक्विड, औषधं हाताला येतात का? बाल्कनीच्या आणि मुख्य दाराच्या वरच्या कड्या लागतात का? खिडकीला जाळी आहे का, आणि खिडकीखाली चढायला खुर्ची तर नाही? बाथरूममध्ये रात्री भरलेली बादली ठेवू नका. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करूनच झोपा. गादीवर मेणकापड घाला आणि एक मंद दिवा चालू ठेवा.

पहिल्या रात्री

मूल उठून येणार. आमची पहिल्या रात्री सात वेळा आली. ओरडायचं नाही, गोष्टही सांगायची नाही. हात धरून परत न्यायचं, "झोपायची वेळ आहे" एवढंच म्हणायचं. घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं, हे जास्त महत्त्वाचं. आईने परत नेलं आणि आजोबांनी मोबाइल दिला, तर रेघ पुसली जाते. जुनी चादर, जुनं पांघरूण, तीच वेळ, तेच गाणं ठेवा. दहा-बारा दिवसांत बहुतेक मुलं रुळतात. महिना झाला तरी मूल रोज घाबरून उठत असेल आणि कॉट सुरक्षित असेल, तर परत कॉटमध्ये घ्यायला हरकत नाही. त्यात हार नाही.

आणि शिक्षकांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारची झोप धरून. अंगणवाडीत किंवा बालवाडीत एखादं मूल अचानक पेंगायला लागलं, किरकिरं झालं, दुसऱ्याला चावायला लागलं, तर घरी विचारताना एक प्रश्न जरूर विचारा, "हल्ली झोपायची जागा बदलली का?" उत्तर 'हो' असेल तर त्याला दुपारी थोडं लवकर आडवं होऊ द्या आणि दोन आठवडे बाकी काही नवीन शिकवायची घाई करू नका. ते मूल रात्री मोठ्या कामाला लागलेलं असतं.