पाण्यात राहिलेला कण



आमच्या पॅरिशच्या आजारभेट गटात आम्ही पाच जण होतो, या पावसाळ्यात तिघे उरलो. चार वर्षं दर रविवारी मिस्सेनंतर आम्ही ज्या मावशींकडे जातो, त्या आता आम्हांला ओळखत नाहीत. परतताना आमच्यातल्या एकीने विचारलं, "एवढं करून झालं काय?" आम्हां कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात पॅरिशमधल्या, भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाने आम्हांला चुनखडकाचा तुकडा दाखवला. भिंगातून पाहिलं तर माशाच्या गाभोळीसारखे गोल दाणे, एकमेकांना घट्ट चिकटलेले, प्रत्येक दोन मिलिमीटरहून लहान. या खडकाला ऊलाइट म्हणतात. अंड्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं.

बहामा बेटांभोवतीच्या उबदार, उथळ समुद्रात असे दाणे आजही तयार होतात. सुरुवात असते शिंपल्याची एखादी कपची किंवा वाळूचा कण. त्या पाण्यात विरघळलेला चुना भरपूर असतो. लाटा आणि भरती-ओहोटी कणाला तळावर लोळवत राहतात आणि त्याच्यावर चुन्याचा पातळ थर बसतो. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्या बाजूंनी लोळल्यामुळे खडबडीत कपची हळूहळू गोल होते. पण तीच लाट दाण्यांना एकमेकांवर घासून थर झिजवतेही. मधेच दाणा वाळूखाली गाडला जातो, पुन्हा वर येतो. म्हणून वाढ फार सावकाश होते. एकाच दाण्यातले आतले थर बाहेरच्या थरांपेक्षा शेकडो वर्षांनी जुने असू शकतात.

एका गोष्टीपाशी आम्ही थबकलो. थराचा चुना कणाचा नसतो, तो पाण्यातून येतो. कण फक्त त्या पाण्यात असतो. आम्ही मात्र आमच्या हातून काय झालं याचाच हिशेब मांडत बसलो होतो. कृपा आमची नव्हतीच. आणि झीज दिसली म्हणून वाढ थांबली, असंही नव्हतं.

गट सोडलेल्या दोघांना आम्ही दोष देत नाही. वाळूखाली गेलेला दाणाही समुद्रातच असतो.

पुढे दाण्यांमधल्या फटींत चुन्याचेच स्फटिक भरतात आणि सुट्या दाण्यांचा खडक होतो. इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या अशाच दगडातून लंडनचं संत पौलाचं कॅथेड्रल उभं राहिलं. त्याचं काम १६७५ साली सुरू झालं. संत पेत्राने आपल्याला जिवंत धोंडे म्हटलं, ते आता आम्हांला थोडं अधिक कळतं.

या रविवारीही मावशींनी ओळखलं नाही. आम्ही त्यांना पेज भरवली, शेजारी बसून रोझरी म्हटली आणि पुढच्या रविवारी येतो असं सांगून निघालो.

हे प्रभू, आम्हांला तुझ्या पाण्यात राहू दे. आमेन.