संमती कट्टा: तलावाकाठचे लग्नस्थळ

१/ सोलापुरात दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास एक विवाह लागतो. वराच्या जागी योगदंड, वधूच्या जागी एका कुंभारकन्येची स्मृती, आणि अक्षता टाकायला लाखोंचे वऱ्हाड. या विवाहाची जागा कधीच नव्याने ठरवावी लागत नाही. सिद्धेश्वर तलावाकाठचा संमती कट्टा. पण हीच जागा का?

२/ बाराव्या शतकात सोलापूर ‘सोन्नलगी’ होते. शिवयोगी सिद्धराम हे बसवण्णा व अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली आणि अनुयायांच्या श्रमांतून तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. अवर्षणप्रवण प्रदेशात तलाव हे मोठे पुण्यकार्य होते. शेजारचा भुईकोट किल्ला त्यानंतरचा, बहामनी काळातला.

३/ आख्यायिका अशी: एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरली. विरक्त योग्याने नकार दिला; तिचा निर्धार ढळेना, तेव्हा आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली. संसार न मांडणाऱ्या या पुरुषाला ना घर होते, ना अंगण. त्याचे म्हणावे असे काही असेल, तर तो हा तलावच.

४/ आजही योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज मिरवत कट्ट्यापाशी येतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त दाटीने उभे असतात. संमतीचे वाचन होते आणि अक्षतांचा वर्षाव होतो. वाचन कन्नडमध्ये, वऱ्हाड मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे. अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

५/ मात्र कथा येथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, सौभाग्यलेणी घालून ती अग्नीला अर्पण करतात. कुंभारकन्येच्या अग्निप्रवेशाची ही आठवण. अक्षतांचा जल्लोष सांगताना हा दिवस अनेकदा गाळला जातो.

६/ आख्यायिकेला घटनेचा पुरावा मानता येत नाही. पण समाजाने काय जपले, याचा ती पुरावा असते. सोलापूरने एकाच स्त्रीच्या दोन जागा जपल्या: पाण्याकाठी तिच्या इच्छेला मिळालेली संमती आणि मैदानावर तिचा अग्नी. कट्ट्यावर अक्षता टाकून परतणाऱ्याने होम मैदानही पाहावे. त्याशिवाय हा विवाह पुरता कळत नाही.